यमूची रोजनिशी

नववीत मराठीच्या बाईंनी दिलेला गृहपाठ आठवतो का? ‘कादंबरीतलं एखादं पात्र होऊन एका दिवसाची रोजनिशी लिहा.’ मी ह. ना. आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधली यमू निवडली. केशवपन झालं त्या रात्री माझी यमू दोन पानं भरून समाजाला खडसावत होती. शाबासकी मिळणार याची खात्री होती. वहीवर तांबड्या शाईत एवढंच आलं : ‘हे तू बोलते आहेस. यमूला लिहायला कोणी शिकवलं? तिने हे कधी लिहिलं, कुठे लपवलं?’

तेव्हा राग आला. बाईंच्या प्रश्नांची उत्तरं इतिहासात आहेत, हे पुढे कळलं.

आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं. ही कादंबरी त्यात क्रमशः आली आणि १८९३ मध्ये पुस्तक निघालं. पुरुषाने बाईच्या तोंडून ‘मी’ म्हणून सांगितलेली ही कहाणी. पण यमू लिहू कशी शकते, हे सांगायला लेखक विसरला नाही. नवऱ्याने, रघुनाथरावांनी, तिला शिकवलं होतं.

खऱ्या घरांतही असंच होतं. रमाबाई रानडे १८७३ साली, अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला घेतलं, तेव्हा घरातल्या बायकांचा विरोध त्यांना सोसावा लागला. त्यांच्या आठवणींचं पुस्तक १९१० चं. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या बालविधवा गोदूबाईंनी १८९३ मध्येच धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांचं ‘माझे पुराण’ यायला १९४४ साल उजाडलं. यमूची कहाणी वाचकांच्या हाती पडली त्याला तोवर ५१ वर्षं झाली होती.

या दोघींना निदान लिहिता आलं. त्या गृहपाठानंतर मी आजीला विचारलं, तेव्हा कळलं की माझ्या पणजीचंही केशवपन झालं होतं. तिच्या हातचं एक अक्षरही आमच्या घरात नाही. ती त्या रात्री काय म्हणाली असती, हे मी कितीही ठरवलं तरी ते बोलणं माझंच होणार.

आज पुन्हा यमू व्हायचं तर दोन पानं लिहिणार नाही. दिव्यातलं तेल संपायच्या आत, घरच्यांची चाहूल घेत, चार ओळी. त्यातलीही एखादी अर्धवट.

संमेलनाला बाई येणार आहेत. वही घेऊन येते आहे.