गॅलँथस (स्नोड्रॉप)

गॅलँथस ही ॲमारिलिडेसी कुलातील, कंदापासून वाढणाऱ्या बहुवर्षायू वनस्पतींची प्रजाती असून तिच्यात सुमारे वीस जाती आहेत. इंग्रजीत तिला स्नोड्रॉप म्हणतात. युरोप, तुर्कस्तान, कॉकेशस व इराण हा तिचा मूळ प्रदेश होय. हिवाळा सरत असताना, पुष्कळदा जमिनीवर बर्फ असतानाच, ती फुलते. कार्ल लिनीयस यांनी १७५३ मध्ये दिलेले हे नाव ‘दूध’ व ‘फूल’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून आले आहे. गॅलँथस निव्हॅलिस ही बागांतून सर्वांत जास्त आढळणारी जाती आहे.

फुलावरून ओळख

पुष्पदंड भरीव असतो. त्याच्या टोकाशी बारीक देठावर एकच फूल लोंबते. फुलात हिरवी निदले व रंगीत पाकळ्या असा भेद नसतो. पाकळ्यांसारखी सहा परिदले दोन मंडलांत असतात. बाहेरची तीन लांब, चमच्याच्या आकाराची व शुभ्र असतात. आतली तीन साधारण निम्म्या लांबीची असून त्यांच्या टोकाशी खाच व खाचेजवळ हिरवी खूण असते. किंजपुट अधःस्थ, म्हणजे परिदलांच्या खालच्या बाजूस असते. परंतु फूलच उलटे लोंबत असल्याने ते वर, हिरव्या मण्यासारखे दिसते.

ल्युकोजम (स्नोफ्लेक) या जवळच्या प्रजातीशी गॅलँथसची नेहमी गल्लत होते. तिची सहाही परिदले सारख्या लांबीची असतात आणि प्रत्येकाच्या टोकाशी हिरवा किंवा पिवळसर ठिपका असतो. त्यामुळे फूल घंटेसारखे दिसते. पुष्पदंड पोकळ असतो. ल्युकोजम एस्टिव्हम या जातीत एका दंडावर अनेक फुले येतात. तिच्या नावाचा अर्थ ‘उन्हाळी’ असला तरी ती वसंतातच फुलते. फुलांची संख्या वा बहराचा काळ यांपेक्षा परिदलांची लांबी हीच भरवशाची खूण मानावी. मात्र गॅलँथसच्या दुहेरी फुलांच्या बागायती प्रकारांत आतली परिदले अनेक असतात, तेथे फक्त तीन आखूड दले शोधून उपयोग नाही.

पानांवरून जाती

गॅलँथसच्या जाती ठरविताना फुलापेक्षा पाने अधिक उपयोगी पडतात, विशेषतः ती जमिनीतून वर येताना एकमेकांशी कशी असतात हे. गॅ. निव्हॅलिसची दोन अरुंद, निळसर करडी पाने तळाशी समोरासमोर सपाट टेकलेली असतात. गॅ. एल्वेसायमध्ये रुंद करड्या पानांपैकी एक दुसऱ्याला गुंडाळून घेते. आतल्या परिदलांवर बहुधा दोन हिरव्या खुणा असतात, क्वचित त्या एकमेकींत मिसळतात. गॅ. वोरोनोव्हायची पानेही अशीच गुंडाळलेली, परंतु चकचकीत हिरवी असतात. गॅ. प्लायकेटसच्या पानांच्या कडा मागे दुमडलेल्या असतात.

कंद, विषारीपणा व व्यापार

कंद लहान असून त्यावर पातळ तपकिरी आवरण असते. कांदा व लसूणही आता याच कुलात धरले जातात आणि गॅलँथसचा कंद लहान कांद्यासारखाच दिसतो. तो विषारी आहे. त्यातील लायकोरीन या अल्कलॉइडमुळे मळमळ, उलट्या व जुलाब होतात. कांदा चिरल्यावर येणारा उग्र वास त्याला नसतो. पण हातात दोन्ही मिसळलेले असतील तर वास हातालाच लागलेला असतो, हे लक्षात घ्यावे. याच प्रजातीत आढळणारे गॅलँटामीन अल्झायमर रोगावर औषध म्हणून वापरतात. ते ठरावीक मात्रेतील, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाचे औषध आहे. कंद खाणे हा त्याला पर्याय नव्हे.

सुक्या कंदावरून जाती सांगणे जवळजवळ अशक्य असते आणि व्यापार मात्र मुख्यतः सुक्या कंदांचाच चालतो. तुर्कस्तान व जॉर्जिया येथील रानांतून खणून काढलेले कंद युरोपच्या बाजारात येत असल्याने एका जातीच्या नावाखाली दुसरी खपण्याचा धोका राहतो. १९९० पासून संपूर्ण प्रजाती साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट आहे, त्यामुळे आंतरराष्ट्रीय विक्रीस परवाना लागतो. जाणकार बागायतदार बहर ओसरल्यावर, पाने हिरवी असतानाच उपटलेली रोपे घेणे पसंत करतात: ती सुक्या कंदांपेक्षा चांगली रुजतात, आणि विकत घेतानाच पाने तपासता येतात.