ईपीएबीएक्स

ईपीएबीएक्स : कार्यालय, हॉटेल, रुग्णालय किंवा कारखान्याच्या आवारातील दूरध्वनी एकमेकांशी व बाहेरच्या जाळ्याशी जोडणारे खाजगी, स्वयंचलित इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज. आवारातील प्रत्येक फोनला एक्स्टेन्शन आणि दूरसंचार कंपनीकडून आलेल्या लाइनला ट्रंक म्हणतात. दोन एक्स्टेन्शनांमधले बोलणे यंत्राच्या आतच जोडले जाते, त्यासाठी ट्रंक लागत नाही. बाहेर फोन करायचा तर ठरवून दिलेला अंक, बहुधा शून्य किंवा नऊ, दाबून मोकळी ट्रंक घेतात. बाहेरून आलेल्या कॉलला पहिली ट्रंक गुंतलेली असेल तर तो पुढच्या मोकळ्या ट्रंकवर जातो. ही सोय म्हणजे हंटिंग.

खरेदीच्या वेळी चौकशी होते ती एक्स्टेन्शनांची. यंत्रणेचा खरा कस मात्र ट्रंकच्या संख्येत असतो, आणि तिथेच हिशेब चुकतो. गर्दीच्या तासात प्रत्येकी ३ मिनिटांचे ६० कॉल येतात असे धरू. एकूण बोलणे १८० मिनिटांचे, म्हणजे ३ लाइन पूर्ण तासभर भरतील एवढे. म्हणून ३ ट्रंक घेतल्या, तर सुमारे ३५ टक्के कॉलना एंगेज टोन मिळतो, कारण कॉल रांगेने येत नाहीत. कधी एकदम येतात, कधी येतच नाहीत. हे प्रमाण १ टक्क्याखाली आणायला ८ ट्रंक लागतात. हे गणित कोपनहेगन टेलिफोन कंपनीतील डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारूप एर्लांग यांनी १९१७ मध्ये मांडले. एक लाइन तासभर गुंतवणाऱ्या भाराला त्यांच्याच नावाने एर्लांग म्हणतात. लाइन न मिळालेला माणूस लगेच पुन्हा फोन लावत नाही, असे हे सूत्र गृहीत धरते; प्रत्यक्षात तो लावतोच, म्हणून एखादी ट्रंक जास्तच ठेवावी.

ट्रंकांचा समूह मोठा असला की प्रत्येक ट्रंकचा उपयोग वाढतो. ८ ट्रंक ३ एर्लांग पेलतात, तर ३० ट्रंक त्याच दर्जाने सुमारे २० एर्लांग. भारतात मोठी कार्यालये घेतात त्या पीआरआय जोडणीत एकाच वाटेने नेमके ३० आवाजमार्ग मिळतात, प्रत्येकी सेकंदाला ६४ किलोबिटचा.

भारतात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने १२८ पोर्टचे खाजगी एक्सचेंज विकसित करून त्याचे तंत्र अनेक उत्पादकांना दिले. तिचे ग्रामीण एक्सचेंज १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले.

आता आयपी पीबीएक्समध्ये, म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉलवर चालणाऱ्या खाजगी एक्सचेंजमध्ये, आवाज पॅकेटांच्या रूपात संगणकांच्याच लॅनवरून जातो आणि कॉल जोडण्या-तोडण्याचे काम बहुधा सिप हा प्रोटोकॉल करतो. यात सोय मोठी आहे, पण एक फरक ध्यानात ठेवायला हवा. जुन्या साध्या फोनला वीज एक्सचेंजकडूनच मिळे. आयपी फोनला ती नेटवर्क स्विचकडून किंवा भिंतीवरच्या प्लगमधून मिळते. त्यामुळे बॅटरीचा आधार केवळ एक्सचेंजला देऊन भागत नाही. स्विच आणि राउटरलाही तो दिला नाही, तर वीज जाताच टेबलावरचे फोन बंद पडतात.