मुल्लरांचे दळण

लोकमान्य टिळकांच्या चरित्रात मॅक्समुल्लर हे नाव मी शाळकरी वयात प्रथम वाचले. 1897 साली लोकमान्यांना राजद्रोहाच्या आरोपावरून शिक्षा झाली. त्यांच्या सुटकेसाठी केलेल्या अर्जावर या जर्मन वेदपंडिताचीही सही होती. एवढ्या थोर माणसाच्या आडनावाचा अर्थ मात्र पुष्कळ वर्षांनी कळला : मुल्लर म्हणजे पीठ दळणारा!

हा शब्द मुळात लॅटिनमधला. मध्ययुगात जर्मनीत ओढ्याकाठी पाणचक्की असे. धान्य तिथेच दळून घ्यावे, अशी पुष्कळ ठिकाणी जमीनदाराची सक्ती असे. चक्कीवाला पीठ चोरतो हा लोकांचा कायमचा संशय. कित्येक भागांत त्याचा धंदाही हलका मानीत. पण त्याच्यावाचून गावाचे चालत नसे. म्हणून आडनावे रूढ झाली तेव्हा गावोगाव मुल्लर झाले. उत्तरेकडे त्याचेच मोल्लर झाले, अमेरिकेत गेलेल्या कित्येकांचे मिलर. जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्येही आज सर्वांत अधिक आढळते ते हेच आडनाव.

आपल्याकडे सोनार, सुतार, कुलकर्णी आहेत. दळणावरून पडलेले आडनाव माझ्या तरी ऐकिवात नाही. असे का बरे? दिवाळी जवळ आली की माझी आजी पहाटेच जात्यावर बसे. घरोघर हेच चाले. दळण बायकांचे आणि आडनावे पुरुषांच्या धंद्यांवरून! आजीच्या ओव्यांतसुद्धा नावे येत ती भावाची नि लेकरांची. तिचे स्वतःचे कधी आलेले आठवत नाही.