कोंडवाड्याची वही आणि गोशाळेचं अनुदान

7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं आणि रेल्वे स्टेशनांच्या आवारातली भटकी कुत्री उचलून निवारागृहात ठेवण्याचा आदेश दिला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही शहरांची सकाळ स्टेशनावरच उजाडते. त्यामुळे हा आदेश आमच्या दारातला आहे. कुत्रा चावण्याची भीती खरी आहे, त्यावर वाद नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. ही जनावरं ठेवणार कुठे, त्यांना खाऊ कोण घालणार आणि त्याचा हिशेब कोण तपासणार?

मुंबईत हा प्रश्न जवळपास दोनशे वर्षांपूर्वी रस्त्यावर आला होता. 1832 साली कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम वाढवली. एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. बक्षिसाच्या लोभाने पकडणाऱ्यांनी लोकांच्या पाळीव कुत्र्यांवरही हात टाकला. 6 जूनला पारशांचा पवित्र दिवस होता. त्याच दिवशी ठिणगी पडली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. पारशांसोबत हिंदू, जैन आणि इस्माइली मुसलमानही उतरले. शेवटी लष्कर बोलवावं लागलं.

दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. तिचा खर्च व्यापारी आपल्या मालावर ठरावीक ‘लागा’ देऊन भागवत. म्हणजे हुकूम सरकारने काढला आणि निवारा बाजाराने बांधला. पुढच्या इतिहासात ही विभागणी पुन्हा पुन्हा दिसते.

सरकारी निवारा मात्र आपल्याकडे अगदीच नव्हता असं नाही. 1871च्या कायद्याने गावोगाव कोंडवाडे आले. आपण कोंडवाडा म्हटलं की दंड आठवतो. पण त्याच कायद्याने कोंडवाडा सांभाळणाऱ्यावर चारापाण्याची जबाबदारी टाकली होती. जनावरं किती, कशी, कोणत्या दिवशी नि कोणत्या वेळी आली, कोणी आणली, मालक कोण, हे सगळं वहीत लिहिणं बंधनकारक होतं. मालकाने दंड आणि चाऱ्याचे पैसे भरले की जनावर परत. कायदा वसाहतीचा होता, त्यात भूतदया फारशी नव्हती. पण जनावर आत गेलं की त्याची नोंद व्हायची.

स्वातंत्र्यानंतर 1960 साली प्राण्यांशी क्रूरता रोखणारा कायदा झाला. 1962 मध्ये पशुकल्याण मंडळ स्थापन झालं. रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच्या पहिल्या अध्यक्षा. 2001च्या नियमांनी प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्रूरता प्रतिबंधक सोसायटी स्थापण्याचं आणि निवाऱ्यासाठी तिला पुरेशी जमीन देण्याचं काम राज्य सरकारवर सोपवलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या नियमांनी भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठी स्थानिक संस्थांना बांधून घेतलं. आता ते 2023च्या नियमांनुसार चालतं. कागद भक्कम आहेत.

पैसा आणि निगराणी यांचं गणित गोवंशाच्या बाबतीत सगळ्यात स्पष्ट दिसतं. 2015 मध्ये महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. मे 2017च्या केंद्रीय नियमांनी खटला सुरू असताना जप्त जनावरं गोशाळेत, पांजरपोळीत ठेवण्याची व्यवस्था केली आणि पोसण्याच्या खर्चाचा बोजा आरोपी, मालक, वाहनवाला यांच्यावर टाकला. हे आमच्या कुरेशी बिरादरीला आणि तिला बैल विकणाऱ्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. गुन्हा सिद्ध होण्याआधीच जनावर हातचं जाण्याची वेळ येते. जानेवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या नियमांवर केंद्राला फैलावर घेतलं होतं.

दुसऱ्या बाजूने मदत वाढली. 2023 मध्ये राज्याने गोसेवा आयोगाचा कायदा केला. 30 सप्टेंबर 2024 रोजी गोशाळेतल्या देशी गायीला रोज 50 रुपये देण्याचा निर्णय झाला. म्हणजे एका गायीला वर्षाला 18,250 आणि शंभर गायींना सव्वाअठरा लाख रुपये. मुक्या जीवाला चारा मिळाला तर कोणाचंही पोट दुखायचं कारण नाही. पण जिथे जनावर अनुदानातून येतं, किंवा खटल्यातला पुरावा म्हणून येतं, तिथे रोजची हजेरी लागलीच पाहिजे. आलं कधी, आजारी पडलं कधी, मेलं कधी, खटला सुटल्यावर मालकाला परत गेलं का? आणि म्हैस, गाढव, कुत्रा यांना पोसण्याचा खर्च कोणत्या खात्यातून येणार?

इस्लामी राज्यव्यवस्थेत बाजारावर देखरेख ठेवणारा ‘मुहतसिब’ असे. अकराव्या शतकातल्या मावर्दीने त्याच्या कामांत जनावरांवर झेपेल त्यापेक्षा जास्त ओझं लादू न देणंही धरलं आहे. मुक्या जनावराची तक्रार घेऊन कोणी येत नाही, म्हणून तपासणी राज्याने स्वतः होऊन करायची.

उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ नगरपरिषद आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद. तीन कार्यालयं, लोकलच्या काही स्टेशनांच्या अंतरात. माहितीच्या अधिकारात तिघांकडे तीन गोष्टी मागता येतात: निवाऱ्याची जागा, वर्षाचा खर्च आणि आतल्या जनावरांची नोंदवही. अर्ज करताना फक्त आपल्याला आवडणाऱ्या प्राण्यांपुरतं विचारू नये. कुरेशीच्या बैलाबद्दल विचारणाऱ्याने स्टेशनावरच्या कुत्र्याबद्दलही विचारावं, आणि कुत्र्यांसाठी धडपडणाऱ्याने त्या बैलाबद्दल.