जनसंपर्क व्यवसाय

एखादी संस्था आणि तिच्याशी संबंध येणारे लोकसमूह यांच्यात विश्वास निर्माण करण्याचे व तो टिकविण्याचे काम मोबदला घेऊन करणारा व्यवसाय. कामगार, भागधारक, गिऱ्हाइके, वृत्तपत्रे, शासन व सामान्य नागरिक हे असे लोकसमूह होत. जाहिरातीसाठी वृत्तपत्रातील जागा विकत घेतली जाते आणि जाहिरातदार उघड असतो. जनसंपर्काचा मजकूर मात्र बातमी म्हणून छापला जावा, अशी अपेक्षा असते. त्यामुळे त्यामागील हितसंबंध वाचकाला सहसा दिसत नाहीत. जनसंपर्क सल्लागाराची बांधिलकी ग्राहकाशी किती व लोकांशी किती, हा या व्यवसायातील मूलभूत प्रश्न यातूनच उद्‍भवतो.

इतिहास : हा व्यवसाय स्वतंत्र स्वरूपात प्रथम अमेरिकेत उदयास आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे रेल्वे, कोळसा, तेल इ. उद्योगांत मोठ्या मक्तेदाऱ्या निर्माण झाल्या आणि त्यांच्या गैरव्यवहारांवर मासिकांतून प्रखर टीका होऊ लागली. १९०० मध्ये बॉस्टन येथे स्थापन झालेली ‘पब्लिसिटी ब्यूरो’ ही या व्यवसायातील पहिली संस्था समजली जाते. न्यूयॉर्कमधील वार्ताहर आयव्ही ली (१८७७–१९३४) याला १९०६ मध्ये कोळसा खाणमालकांनी आपली बाजू मांडण्यासाठी नेमले. त्या वेळी त्याने संपादकांना एक निवेदन पाठविले. आपले काम उघडपणे चालेल, ग्राहकाचे नाव लपविले जाणार नाही, माहिती अचूक असेल आणि ती पडताळून पाहण्यास संपादकांना साहाय्य केले जाईल, असा त्याचा आशय होता. या व्यवसायाची पहिली आचारसंहिता म्हणून त्याचा उल्लेख होतो.

या तत्त्वांची कसोटी पुढे लडलो प्रकरणात लागली. कोलोरॅडो राज्यातील लडलो येथे २० एप्रिल १९१४ रोजी संपकरी खाणकामगारांच्या तंबूंच्या वसाहतीवर नॅशनल गार्डच्या सैनिकांनी हल्ला केला. आगीच्या वेळी एका तंबूखालील खड्ड्यात आश्रय घेतलेल्या दोन स्त्रिया व अकरा मुले गुदमरून मरण पावली. खाणकंपनीवर रॉकफेलर कुटुंबाचे नियंत्रण होते. जॉन डी. रॉकफेलर (धाकटा) याने ली याला दरमहा एक हजार डॉलर शुल्कावर नेमले. ली याने कंपनीच्या बाजूची पत्रके देशभर वाटली. त्यांतील काही माहिती चुकीची होती. कामगार पुढाऱ्यांना वर्षभरात मिळालेल्या रकमा केवळ नऊ आठवड्यांच्या म्हणून दाखविल्या गेल्या होत्या. औद्योगिक संबंधांच्या चौकशी आयोगापुढे ली याने, कंपनीने पुरविलेली माहिती आपण स्वतः पडताळली नव्हती, असे मान्य केले. सप्टेंबर १९१५ मध्ये रॉकफेलर याने मॅकेंझी किंग याच्यासह खाणवस्त्यांना भेट दिली, कामगारांशी चर्चा केली आणि त्यांच्या प्रतिनिधित्वाची योजना मांडली. ही योजना मर्यादित होती व तीत स्वतंत्र संघटनेला मान्यता नव्हती. तथापि पत्रकांनी जे साधले नाही, ते काही अंशी धोरणातील बदलाने साधले.

एडवर्ड बर्नेज (१८९१–१९९५) याने १९१९ मध्ये न्यूयॉर्क येथे कार्यालय काढले. डोरिस फ्लाइशमन ही त्याची सहकारी व पुढे पत्नी होती. ‘जनसंपर्क सल्लागार’ ही संज्ञा त्याने रूढ केली. आर्थर पेज याने १९२७ मध्ये अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीतील पद स्वीकारताना, धोरण ठरविण्यात आपला सहभाग असावा, असा आग्रह धरला. केवळ प्रसिद्धीचे काम त्याला नको होते.

ग्राहक व सल्लागार : ली व बर्नेज या दोघांनीही सल्लागाराची तुलना वकिलाशी केली. लोकमताच्या न्यायालयात प्रत्येकाला आपली बाजू मांडण्याचा हक्क आहे, असा हा युक्तिवाद होय. परंतु न्यायालयात प्रतिपक्षाचा वकील असतो, उलटतपासणी होते आणि कोण कोणाच्या वतीने बोलतो, हे न्यायाधीशाला ठाऊक असते. लोकमताच्या बाबतीत यांपैकी कशाचीच हमी नसते. धूम्रपान व कर्करोग यांचा संबंध दाखविणारे संशोधन प्रसिद्ध झाल्यावर डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकन सिगारेट कंपन्यांनी ‘हिल अँड नोल्टन’ या संस्थेचे साहाय्य घेतले. ४ जानेवारी १९५४ रोजी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत कंपन्यांचे निवेदन झळकले. संशोधनाविषयी शंका जागती ठेवण्याचे धोरण त्यानंतर दीर्घकाळ चालले. २००६ मध्ये अमेरिकेतील संघीय न्यायालयाने सिगारेट कंपन्यांना जनतेच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरविले.

कार्यपद्धती : स्वतंत्र जनसंपर्क संस्थेला ग्राहक सामान्यतः ‘रिटेनर’ म्हणून ओळखले जाणारे ठरावीक मासिक शुल्क देतो. वृत्तपत्रांचे वाचन, कात्रणांचे संकलन, प्रसिद्धिपत्रके, पत्रकार परिषदा आणि ग्राहकाला मासिक अहवाल, हे नित्याचे काम असते. बातमी छापून येणे संपादकाच्या हाती असल्याने प्रसिद्धीची हमी सल्लागार देऊ शकत नाही. ग्राहकाला मात्र शुल्काच्या बदल्यात दिसणारे फळ हवे असते. या ताणातून छापून आलेल्या मजकुराची जागा मोजून जाहिरातीच्या दराने तिचे मूल्य काढण्याची प्रथा पडली. २०१० मध्ये बार्सेलोना येथे मान्य झालेल्या तत्त्वांनी ही पद्धत त्याज्य ठरविली. एकाच ग्राहकावर बहुतांश उत्पन्न अवलंबून असल्यास त्याला अप्रिय सल्ला देणे कठीण होते. संस्थेचा पगारी जनसंपर्क अधिकारी आतील माहितीला अधिक जवळचा असतो. पण त्याची अडचणही याच प्रकारची असते.

भारत : भारतात मुंबई येथे टाटा उद्योगसमूहाने १९४३ मध्ये जनसंपर्क विभाग सुरू केला. ‘पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संघटना १९५८ मध्ये स्थापन झाली. २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्ली येथील परिषदेत आचारसंहिता स्वीकारण्यात आली. हा दिवस राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर स्वतंत्र सल्लागार संस्थांची वाढ वेगाने झाली.

नियमन : ब्राझीलमध्ये १९६७ च्या कायद्याने हा व्यवसाय नियमित केला गेला. भारत व अमेरिका येथे मात्र वकील वा डॉक्टर यांच्याप्रमाणे परवान्याची अट नाही. बर्नेज याने उतारवयात अशा परवान्याचा सातत्याने पुरस्कार केला. व्यावसायिक संघटनेची आचारसंहिता केवळ सभासदांना बंधनकारक असते आणि तिच्या भंगाबद्दलची सर्वांत मोठी शिक्षा सभासदत्व रद्द होणे हीच असते. त्यामुळे ग्राहकाची माहिती तपासून पाहणे आणि असत्य पसरविण्यास नकार देणे, ही जबाबदारी अखेर सल्लागाराच्या विवेकावर राहते.