पोलीस ठाण्याचा खर्च कोणी करायचा? जव्हार, मोखाडा आणि १९०७ चा एक व्यवहार

१/ जव्हारची नगरपालिका १९१८ साली, संस्थानी अमदानीत स्थापन झाली. दिवाबत्ती, साफसफाई, गटारे, अग्निशमन ही तिची कायद्याने ठरलेली कर्तव्ये. पोलीस ठाणे मात्र त्या यादीत नाही. अमेरिकेतील अनेक शहरांत नगरपरिषदच पोलीस इमारतीचा आराखडा तपासते आणि पैसा मंजूर करते. आपल्याकडे तसे का घडत नाही? #थ्रेड

२/ आधी दोन शेजारी गावे पाहू. जव्हार ही मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी. या महादेव कोळी घराण्यातील नेमशहाला दिल्लीच्या सुलतानाने १३४३ साली राजा म्हणून मान्यता दिली, असे परंपरा सांगते. सुमारे ३१० चौरस मैलांच्या या संस्थानात पोलीस दरबाराचे आणि त्यांचा पगारही दरबाराच्या तिजोरीतून.

३/ तेथून सुमारे २५ किलोमीटरवरचे मोखाडा मात्र ब्रिटिश मुलखात. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा तो पेटा होता. तेथील पोलीस जिल्ह्याच्या सुपरिंटेंडेंटच्या हाताखालचे, मुंबई सरकारच्या पगारावरचे. एकाच डोंगराळ प्रदेशात दोन सत्ता आणि दोन तिजोऱ्या. पण दोन्हीकडे पोलिसांची सूत्रे गावाबाहेरून हलत होती.

४/ शहरांची कथा निराळी. १८६५ च्या कायद्याने मुंबईच्या नगरपालिकेची नवी घडी बसली आणि आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर झाले. शहरातील पोलिसांच्या खर्चाचा भार नगरपालिकेच्या तिजोरीवर होता. पोलीस कमिशनर सर फ्रँक सूटर यांची नेमणूक मात्र सरकारची आणि त्यांना हुकूमही सरकारचाच.

५/ करदात्यांचे गाऱ्हाणे नेमके येथेच होते. पैसा शहराचा, पण किती शिपाई ठेवावेत, ते कोठे नेमावेत, कोणाला जबाबदार असावेत, यांपैकी काहीही शहराच्या हाती नाही. फिरोजशहा मेहतांसारख्या सभासदांमुळे नगरपालिकेत स्वशासनाची जाण वाढत गेली, तसा हा वादही अनेक वर्षे धुमसत राहिला.

६/ १८८२ साली व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव आला. त्याच धोरणाचा एक भाग फारसा सांगितला जात नाही: नगरपालिकांना पोलिसांच्या खर्चातून मुक्त करावे आणि तो पैसा त्यांनी शिक्षण, आरोग्य व स्थानिक बांधकामांवर खर्च करावा. मुंबई शहराला मात्र यासाठी आणखी पाव शतक थांबावे लागले.

७/ दरम्यान मुंबई पोलिसांचे मुख्यालय १८९६ च्या डिसेंबरात भायखळ्याहून आजच्या इमारतीत आले. ही इमारत क्रॉफर्ड मार्केटसमोर आहे. रस्त्याच्या एका बाजूला नगरपालिकेने बांधलेली मंडई, दुसऱ्या बाजूला सरकारच्या हुकमातील पोलीस. त्या काळच्या शहराचा कारभार कसा विभागला होता, हे तेथे उभे राहिले की आजही दिसते.

८/ पोलिसांचा खर्च शिक्षा म्हणूनही लादला जाई. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर सरकारने शहरात जादा दंडात्मक पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च पुणेकरांच्या माथी मारला. ज्यांच्यावर पाळत ठेवायची, त्यांच्याकडूनच पाळतीचे पैसे वसूल करायचे, असा हा प्रकार.

९/ मुंबईचा तंटा अखेर १९०७ साली कायद्याने मिटला. पोलिसांचा खर्च सरकारने स्वतःकडे घेतला. मोबदल्यात प्राथमिक शिक्षण, रुग्णसेवा आणि देवी टोचणे यांचा भार नगरपालिकेने उचलला. आज मुंबई महापालिका शाळा आणि रुग्णालये चालवते, पोलीस दल चालवत नाही. या विभागणीचा मोठा पाया त्या व्यवहारात आहे.

१०/ हा व्यवहार शहराच्या लाभाचा होता का? शाळा आणि दवाखाने मिळाले, हे खरेच. पण ‘पैसा आमचा, मग अधिकारही द्या’ ही मागणी करण्याचा आधारही त्याच दिवशी गेला. खर्च सुटला आणि अधिकाराचा प्रश्न न सुटताच मागे पडला.

११/ जव्हारची नगरपालिका यानंतर ११ वर्षांनी, राजे मार्तंडराव ऊर्फ विक्रमशहा मुकणे यांच्या काळात आली. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. जव्हार ठाणे जिल्ह्यात गेले आणि दरबाराची पोलीस व्यवस्था संपली. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाने जव्हार व मोखाडा एकाच पोलीस कायद्याखाली आले.

१२/ संविधानाच्या सातव्या अनुसूचीत ‘पोलीस’ हा राज्यसूचीतील विषय आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांची ती यादी आहे. तीत अग्निशमन सेवा आहे, पोलीस नाहीत. आग विझवणे गावाचे काम आणि बंदोबस्त राज्याचा, अशी ही वाटणी.

१३/ मग ठाण्याची नवी इमारत कशी होते? पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातून, गृह विभागामार्फत येतो. बांधकाम सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा १९७४ साली स्थापन झालेले पोलीस गृहनिर्माण महामंडळ करते. जिल्हा नियोजनाच्या निधीतून पोलिसांना वाहने मिळतात; त्या समितीत नगरपालिकांचे निवडून आलेले प्रतिनिधीही असतात.

१४/ आराखड्याबाबत नगरपालिकेला थोडा वाव आहे. १९६६ च्या नगररचना अधिनियमातील कलम ५८ नुसार सरकारी बांधकामाची सूचना नियोजन प्राधिकरणाला किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. प्राधिकरण हरकत घेऊ शकते. एकमत झाले नाही, तर अंतिम निर्णय राज्य शासनाचा.

१५/ २०१४ साली पालघर जिल्हा झाला आणि पोलीस अधीक्षकांचे कार्यालय ठाण्याहून पालघरला, म्हणजे जव्हार-मोखाड्याच्या थोडे जवळ आले. मोखाड्यालाही आता नगरपंचायत आहे. दोन्ही गावांचे नगरसेवक शाळा, पाणी, दिवे यांवर ठराव करू शकतात. ठाण्याच्या छताला गळती लागली, तर मात्र त्यांनी शासनाकडे निवेदनच पाठवायचे. मुंबईच्या नगरपालिकेने दीडशे वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचा अर्धा भाग असा अजून शिल्लक आहे.