‘ग्लीसन’: एएलएस झालेल्या माणसाचे घर आतून दाखवणारा माहितीपट

‘ग्लीसन’ हा २०१६ साली प्रदर्शित झालेला अमेरिकी माहितीपट आहे. दिग्दर्शक क्ले ट्वील. स्टीव्ह ग्लीसन या माजी फुटबॉलपटूला झालेला एएलएस हा आजार आणि त्यांच्या घरातली त्यानंतरची काही वर्षे हा त्याचा विषय. (इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकी फुटबॉल, अंडाकृती चेंडूचा आणि धडकाधडकीचा.) एमबीबीएसच्या पुस्तकात आम्ही हा आजार दीड पानात शिकलो. त्या दीड पानात न बसलेले बरेच काही या माहितीपटात आहे. म्हणून रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्याची वैद्यकीय बाजू इथे समजावून सांगत आहे.

माहितीपटात काय आहे?

स्टीव्ह न्यू ऑर्लिन्सच्या ‘सेंट्स’ संघाकडून खेळत. २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळात ते शहर बुडाले. पुढच्या वर्षी, २५ सप्टेंबर २००६ रोजी, तिथले सुपरडोम स्टेडियम पुन्हा सुरू झाले. त्या दिवशीच्या सामन्यात अगदी सुरुवातीलाच स्टीव्ह यांनी प्रतिस्पर्ध्याने मारलेली किक झेप घेऊन अडवली. शहराच्या दृष्टीने तो इतका मोठा क्षण होता की आज स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे.

जानेवारी २०११ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, त्यांना एएलएसचे निदान झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच पत्नी मिशेल गरोदर असल्याचे कळले. मूल मोठे होईपर्यंत आपला आवाज राहणार नाही, हे ओळखून स्टीव्ह जन्माला न आलेल्या त्या बाळासाठी कॅमेऱ्यासमोर बोलू लागले. त्या चित्रफिती हा माहितीपटाचा पाया आहे. मुलगा रिव्हर्स ऑक्टोबर २०११ मध्ये झाला. पुढे एकाच घरात मुलगा चालायला, बोलायला शिकतो आणि त्याच काळात वडिलांचे चालणे आणि बोलणे जाते.

एएलएस म्हणजे काय?

पूर्ण नाव अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस. भारतात डॉक्टर याला बरेचदा ‘मोटर न्यूरॉन डिसीज’ किंवा एमएनडी म्हणतात. मेंदूकडून स्नायूंना ‘हल’ असा निरोप नेणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात. निरोप न मिळालेले स्नायू आधी अशक्त होतात, मग वाळतात. सुरुवात एका हाताच्या पकडीपासून होऊ शकते, एका पायापासून होऊ शकते किंवा बोबडे बोलण्यापासून आणि गिळताना ठसका लागण्यापासूनही होऊ शकते. बहुतेकांना दुखत नाही, मुंग्या येत नाहीत, स्पर्श नीट कळतो. त्यामुळेच ‘दुखत नाही ना, मग किरकोळ असेल’ म्हणून सुरुवातीचे काही महिने जातात.

सुमारे दहातल्या एका रुग्णात आजार आनुवंशिक असतो. बाकीच्यांना तो का झाला, याचे समाधानकारक उत्तर आज वैद्यकशास्त्राकडे नाही. ‘मी काय चुकलो?’ असे विचारणाऱ्या रुग्णाला म्हणूनच स्पष्ट सांगावे, की तुमचे काहीच चुकलेले नाही.

लक्षणे सुरू झाल्यापासून बहुतेक रुग्ण दोन ते पाच वर्षे जगतात. साधारण दहात एक जण दहा वर्षांच्या पुढे जातो. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये निदान झाले आणि ते २०१८ मध्ये गेले. पण ते फार मोठा अपवाद होते, त्यांच्यावरून कुणी हिशेब मांडू नये.

एक आश्वासन इथेच देतो. पापणी फडफडते, पोटरीत स्नायू उडतो, एवढ्यावरून एएलएस होत नाही. हे वाचून रात्रभर इंटरनेटवर शोधत बसणारे दर महिन्याला माझ्याकडे येतात. ताकद कमी होत नसेल आणि स्नायू वाळत नसेल, तर ते उडणे बहुधा थकवा, चहा-कॉफी आणि जागरणाचे असते.

निदानासाठी रक्ताची एकच एक तपासणी नाही. न्यूरोलॉजिस्ट तपासतात, ईएमजी आणि नर्व्ह कंडक्शन करतात आणि एमआरआय करून मानेतल्या मणक्यांचा दाब वगैरे दुसरी कारणे नाहीत ना, हे पाहतात. एएलएससारखे दिसणारे काही आजार बरे होण्याजोगे असतात, म्हणून ही पायरी गाळायची नसते.

आवाज जातो, बुद्धी बहुधा राहते

माहितीपटात स्टीव्ह सुरुवातीलाच स्वतःचा आवाज नोंदवून ठेवतात. पुढे बोलणे गेल्यावर ते डोळ्यांच्या हालचालीने पडद्यावरची अक्षरे निवडतात आणि यंत्र ती बोलून दाखवते. एएलएसमध्ये डोळे हलवणारे स्नायू बहुधा शेवटपर्यंत वाचतात, म्हणून हे शक्य होते. विचारशक्तीही बहुतेकांची चांगली राहते. मात्र काहींच्या वागण्यात आणि निर्णयशक्तीत बदल होतो आणि थोड्या रुग्णांत स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार दिसतो. काहींना कारण नसताना हसू किंवा रडू फुटते. तो मेंदूतल्या बदलाचा परिणाम असतो आणि त्यावर औषध आहे. घरच्यांनी ते मनाला लावून घेऊ नये.

अमेरिकेत सरकारी विमा योजनेच्या नियमांमुळे अशी बोलणारी यंत्रे मिळणे अवघड झाले, तेव्हा ग्लीसन कुटुंबाने पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये स्टीव्ह यांच्याच नावाचा कायदा झाला. आपल्याकडे महागडे यंत्र नसेल, तर पारदर्शक फळ्यावर मोठी अक्षरे लिहून रुग्णाची नजर कुठे जाते ते पाहायचे. वेळ लागतो, पण चालते. आवाज मात्र तो स्पष्ट आहे तोवरच मोबाइलवर नोंदवून ठेवावा. ‘नंतर करू’ म्हणणाऱ्यांचे राहून जाते.

उपचार

आजार थांबवणारे औषध नाही. रिल्युझोल १९९५ पासून वापरात आहे. त्याने आयुष्य सरासरी दोन-तीन महिन्यांनी वाढते आणि यकृतावर लक्ष ठेवावे लागते. खरा फरक पडतो तो आधाराच्या उपचारांनी. गिळणे कठीण होऊन वजन उतरू लागले, तर पोटात नळी बसवता येते. श्वास फार कमजोर होण्याआधी ती बसवणे सुरक्षित असते. लाळ कमी करायला औषधे आहेत. फिजिओथेरपी सांधे आखडू देत नाही.

एका प्रसंगात स्टीव्ह वडिलांच्या आग्रहाने प्रार्थनेने आजार बरे करणाऱ्यांच्या सभेला जातात. सगळ्यांसमोर धावायचा प्रयत्न करतात आणि पडतात. मिशेलना ते बघवत नाही. मला या प्रसंगात वडिलांचा राग आला नाही. मुलगा डोळ्यांदेखत विझत असताना बाप काहीही करून पाहतो. आपल्याकडे अंगारे-धुपारे आणि नवस असतात, हल्ली स्टेम सेलही आले आहेत. त्यांच्याबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. रक्ताचे काही आजार सोडले, तर स्टेम सेल उपचार हा अजून संशोधनाचा भाग आहे आणि एएलएससाठी पैसे घेऊन तो देणे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत बसत नाही. त्यासाठी जमीन विकू नका.

श्वासाचा प्रश्न

एएलएसमध्ये मृत्यू बहुधा श्वासाचे स्नायू थकल्याने येतो. सुरुवात रात्री होते. आडवे झोपले की दम लागतो, झोप मोडते, सकाळी डोके दुखते, दिवसा पेंग येते. या टप्प्यावर मास्क लावून वापरायचे बायपॅप यंत्र आयुष्यही वाढवते आणि झोपही देते. अशा रुग्णाला फक्त ऑक्सिजन लावणे धोक्याचे ठरू शकते, कारण अडचण हवा आत-बाहेर करण्याची असते. ऑक्सिजनने आकडा चांगला दिसतो, पण रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून रुग्ण गुंगीत जातो.

बायपॅपही पुरेना झाले की निर्णय घ्यावा लागतो. एक मार्ग म्हणजे गळ्याला छिद्र पाडून नळी बसवणे, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमी, आणि कायमचा व्हेंटिलेटर. दुसरा म्हणजे यंत्र न लावता औषधांनी, थोड्या प्रमाणात मॉर्फिन देऊन, धाप कमी करत आजाराला त्याच्या गतीने जाऊ देणे. अमेरिकेत फार थोडे रुग्ण पहिला मार्ग निवडतात. स्टीव्ह यांनी तो निवडला. दोन्ही मार्ग योग्य असू शकतात. अयोग्य काय, ते मी स्वतः केले आहे.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक येत. हाताची पकड गेली म्हणून मी त्यांना मानेच्या गोळ्या दिल्या होत्या. निदान न्यूरोलॉजिस्टनी नंतर केले. पुढे एका रात्री त्यांचा श्वास अडखळला, मुलाने धावाधाव करून रुग्णालय गाठले, तिथे घशात नळी घातली गेली. सकाळी काकूंनी मला विचारले, ‘डॉक्टर, ह्यांना हे हवं होतं का हो?’ मला उत्तर देता आले नाही. त्याआधीच्या चार महिन्यांत मी तीनदा त्यांच्या घरी गेलो होतो आणि तिन्ही वेळा रक्तदाब मोजून, चहा पिऊन परतलो होतो. सर तेव्हा बोलू शकत होते.

म्हणून हे बोलणे रुग्णाला बोलता येत असतानाच करावे, आणि रुग्णाशीच करावे. त्यांना बाहेर बसवून मुलांशी नको. यंत्र लावले तर चोवीस तास कोण बसेल, वीज गेली तर काय, पुढे ते नको वाटले तर काय, हे सगळे विचारावे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते.

सेवा करणाऱ्याचे काय?

मिशेल या माहितीपटात थकतात, चिडतात, कधी नवऱ्याशी बोलायचीही इच्छा राहत नाही, आणि कॅमेरा ते लपवत नाही. तान्हे मूल आणि हलू न शकणारा नवरा, दोघांचे खाणे, अंघोळ, शौच एकाच घरात. त्यांच्या मदतीला पगारी माणसे होती, संस्था होती, प्रसिद्धी होती, तरी ही अवस्था. आपल्याकडे हे सगळे बहुधा एका सुनेवर किंवा बायकोवर पडते आणि तिला कुणी ‘तू झोपलीस का?’ एवढेही विचारत नाही. रुग्णाला तपासायला गेल्यावर तिचाही रक्तदाब मोजा, असे मी आता माझ्याकडच्या शिकाऊ डॉक्टरांना सांगतो. पॅलिएटिव्ह केअरची टीम जवळ असेल तर तिची ओळख निदानानंतर लगेच करून घ्यावी. ती केवळ शेवटच्या आठवड्यासाठी नसते.

स्टीव्ह यांनी पुढे २०२४ मध्ये आत्मकथन प्रसिद्ध केले. त्याआधी, २०१८ मध्ये, त्यांना मुलगीही झाली. हे वाचून उमेद येते, आणि येऊ द्यावी. पण व्हेंटिलेटर आणि चोवीस तासांची मदत यांवर उभे असलेले हे आयुष्य आहे, हे रुग्णाला सांगताना विसरू नये.

माहितीपट पाहावा का? नातेवाइकांनी जरूर पाहावा. नुकतेच निदान झालेल्या रुग्णाला त्याच आठवड्यात तो दाखवू नये. त्यांनी स्वतः मागितला तर एका बैठकीत संपवण्याचा हट्ट नको, शेजारी कुणीतरी बसावे, आणि मध्येच थांबवून ते काही बोलू लागले तर पडदा बंद करून ऐकावे.